घरातून गोठ्यात लाईट न्यायची हाय

प्रश्न : घरापासून साठेक मीटरवर गोठा हाय, तिथं १ एचपीची कडबा कुट्टी आन् दोन बल्ब लावायचेत. कडुलिंबावरून साधी वायर ओढली तर जमंल का? अर्थिंग घरचीच पुरंल ना? – एक वाचक, औसा तालुका

उत्तर : दादा, झाडावरून वायर नकाच नेऊ, वाऱ्यानं घासून इन्सुलेशन जातं आन् खाली जनावरं बांधलेली असतात, बैलाचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात म्हणून जमिनीत उतरलेला करंट त्याला माणसाआधी धरतो. आर्मर्ड केबल (वरून लोखंडी तारांचं कवच असलेली) घ्या, तीन कोअर म्हणजे आत फेज, न्यूट्रल आन् अर्थ अशा तीन तारा, तांब्याची, ४ चौरस मिमी. दीडची टाकली तर १० अँपिअरला या अंतरात १४-१५ व्होल्ट वाटेतच जातात, चारमध्ये साडेपाच. पाऊण मीटर खोल चर, खाली-वर वाळू, वरून विटा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते म्हणून वाळूत कंजूषी नको.

अर्थिंगचं मात्र नीट ऐका. घरून अर्थची तार आणायचीच, शिवाय गोठ्याला स्वतःचा अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) करायचा, केबलचं आर्मरपण अर्थला जोडायचं. पण गोठ्याच्या बोर्डात न्यूट्रल आन् अर्थ एकमेकाला अजिबात जोडू नका, बरेच जण जोडतात! वाटेत न्यूट्रल तुटला की कुट्टीची बॉडीच जिवंत होते हो. गोठ्यात फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच, आन् ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाईट लगेच तोडणारा स्विच) बसवा, तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. मे महिन्यात पिटात पाणी टाकत जा.