एजियनच्या छोट्या बंदरांत नौका लावताना

प्रश्न : आम्ही चौघे मित्र काही वर्षे मुंबई बंदरात शिडाच्या नौका चालवत आहोत. येत्या जुलै-ऑगस्टमध्ये अथेन्सहून नौका भाड्याने घेऊन आठवडाभर पारोस, नाक्सोस, मिकोनोस या बेटांवर फिरण्याचा बेत आहे. हा काळ योग्य आहे का? तेथील लहान बंदरांत नौका धक्क्याला कशी लावतात? आणि भारतातील परवाना चालतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला बेत बदलावा, असे मी आग्रहाने सुचवीन. त्या दोन महिन्यांत एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ नावाचा वारा वाहतो. बाल्कनवरील जास्त दाब आणि तुर्कस्तानावरील उन्हाळी कमी दाब यांच्यामधून तो जन्मतो. आपला मान्सून ओढून आणणारा जो कमी दाबाचा पट्टा असतो, त्याचेच पश्चिमेकडील टोक तेथवर पोहोचलेले असते. आकाश निरभ्र असताना हा वारा ब्यूफर्ट मापनाच्या (वाऱ्याचा जोर मोजण्याच्या 0 ते 12 अशा श्रेणीच्या) 6-7 पर्यंत चढतो आणि कित्येक दिवस पडत नाही. बेटांकडे जाताना तो पाठीशी किंवा बाजूने असतो, म्हणून सुखाचा वाटतो. मात्र अथेन्सला परतताना तोच तोंडावर येतो आणि नौका परत करण्याचा दिवस तर ठरलेला असतो.

त्याऐवजी सप्टेंबरच्या उत्तरार्धात अथेन्सलगतच्या सरोनिक आखातात जावे. एजिना, पोरोस आणि हिद्रा ही बेटे अॅटिका (अथेन्सभोवतालचा प्रदेश) व पेलोपोनीझ (ग्रीसचे दक्षिणेकडील द्वीपकल्प) यांच्या आडोशाला आहेत आणि एका मुक्कामापासून दुसरा काही तासांवर आहे.

आता नौका लावण्याविषयी, कारण आपली खरी कसोटी तेथे लागेल. मुंबईला भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, त्यामुळे आपली नौका बहुधा बोयाला (तळाशी जखडलेल्या तरंगत्या खुणेला) बांधलेली असते. तेथे पाण्याची पातळी जेमतेम वीस-तीस सेंटिमीटर हलते, म्हणून नौकेची पाठ थेट दगडी धक्क्याला लावतात आणि पुढचे टोक स्वतःच्या नांगराने धरून ठेवतात. फेंडर (नौका घासू नये म्हणून बाजूंना टांगायच्या उशा), मागचे दोन्ही दोर आणि नांगर हे सारे बंदराच्या तोंडाबाहेरच तयार करावे. धक्क्यापासून नौकेच्या तीन-चार लांबी दूर, ठरलेल्या जागेच्या बरोबर समोर नांगर सोडावा आणि सरळ मागे यावे. मागे येताना वेग येईपर्यंत नौका सुकाणूला दाद देत नाही, त्यामुळे फार जवळून सुरुवात केली तर ती बाजूच्या वाऱ्याने शेजाऱ्यावर जाऊन पडते. साखळी हात न आखडता सोडावी, मात्र शेवटच्या टप्प्यात थांबवून नांगर तळाला धरतो की नाही ते पाहावे. पहिला दोर नेहमी वाऱ्याकडच्या बाजूचा टाकावा. दोन्ही दोर बांधल्यावर साखळी ताणून पाठ धक्क्यापासून मीटरभर दूर ठेवावी, कारण वेगवान फेरीबोटीची लाट आत आली की नौका मागे ढकलली जाते आणि सुकाणू दगडावर आपटू शकते. मनासारखे जमत नसेल तर अर्ध्यावर सोडून, नांगर उचलून पुन्हा बाहेर जावे. त्यात कसलीही लाज नाही आणि तेथील जुने खलाशीही तेच करतात.

हिद्राचे बंदर अतिशय देखणे आहे, पण लहान, खोल आणि उत्तरेच्या अंगाला उघडे आहे. दुपारनंतर तेथे नौकांपुढे नौका लागतात आणि सकाळी निघताना एकाची साखळी दुसऱ्याच्या नांगरावर आलेली आढळते. अशा वेळी इंजिनाचा जोर लावून ओढू नये. दुसऱ्याची साखळी आपल्या नांगरासह पृष्ठभागाजवळ आणावी, तिच्याखालून दोर घालून तो नौकेवर बांधावा, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करावा आणि मग दोराचे एक टोक सोडून द्यावे. दुपारच्या जेवणापूर्वी पोहोचलात तर जागा निवडता येते. जागा नसेल तर समोरच्या मुख्य भूमीवरील एर्मिओनी गाठावे. ते गाव एका चिंचोळ्या भूशिरावर वसलेले असून त्याच्या दोन्ही अंगांना धक्के आहेत, त्यामुळे वारा पाहून बाजू निवडता येते.

परवान्याबाबत थोडक्यात : कप्तानाकडे ग्रीसमध्ये मान्य असलेले शिडाच्या नौकेचे प्रमाणपत्र लागते आणि आणखी एका सोबत्याला नौकानयनाचा अनुभव असल्याचे लेखी द्यावे लागते. आपली कागदपत्रे नौका देणाऱ्या कंपनीला आधी पाठवून, ती चालतील असा लेखी होकार आल्यावरच पैसे भरावेत. तो मिळाला नाही तर स्थानिक कप्तान घ्यावा. त्याच्यासाठी एक झोपण्याची जागा राखून ठेवावी लागेल.