नव्याने उपासनेला येणाऱ्यास

पहिले काही रविवार चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं हेच कळणार नाही. चालेल. शेजारच्या मावशींकडे बघत राहा. सूर लागला नाही तरी गा, ना. वा. टिळकांची भजनं मलाही अजून पुरती पाठ नाहीत.

एक मात्र सांभाळ. बायबलमधल्या लूक 18 मध्ये येशूने सांगितलेली गोष्ट आहे. तिच्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, मंदिरात ‘मी इतरांसारखा नाही’ म्हणून देवाचे आभार मानतो आणि आपले उपास आणि दशमांश (उत्पन्नाच्या दहाव्या भागाचं दान) त्याला मोजून दाखवतो. लोक ज्याला पापी समजत तो कर गोळा करणारा जकातदार दूर उभा राहून, छाती बडवत, फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. हे वाचून मी मनात म्हटलं होतं, ‘बरं झालं, मी परूशी नाही!’ म्हणजे परूशीच की. विश्वास डळमळीत वाटला तर तसाच ये. आणि नंतर खुर्च्या उचलायला थांब, पाळकसाहेबही थांबतात.