माहितीपट, लघुपट की अनुबोधपट?

प्रश्न असा आलाय की कष्टकरी बायकांवरच्या दोन जुन्या फिल्म दाखवायच्यात, 'मोलकरीण' (१९८१) आणि 'तंबाखू चाकीला ऊब आली' (१९८२), तर पोस्टरवर त्यांना लघुपट म्हणायचं, अनुबोधपट म्हणायचं की माहितीपट? आणि माहितीपट म्हटलं की सरकारी योजनेची माहिती सांगणारं काहीतरी वाटत नाही का?

माझं मत विचाराल तर बिनधास्त माहितीपट लिहा.

लघुपट हा शब्द फक्त लांबी सांगतो, कथा असलेली पंधरा मिनिटांची फिल्मसुद्धा लघुपटच. आपल्याकडे हा गोंधळ का झाला असावा तर १९४८ साली सरकारचं फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि थेटरात मेन पिक्चरच्या आधी त्यांची छोटी रीळं दाखवणं सक्तीचं होतं, त्यामुळे कित्येक वर्षं लोकांनी डॉक्युमेंटरी बघितली ती छोटीच. पण मग दिग्दर्शक आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'ला काय म्हणणार? १९९७ चा मुंबईतल्या रमाबाई नगरचा गोळीबार, शाहीर विलास घोगरेंची आत्महत्या, शाहिरांची गाणी असं सगळं घेऊन ती जवळजवळ तीन तास चालते. तिला लघुपट म्हणणं बरोबर दिसतच नाही.

अनुबोधपट शब्द चुकीचा अजिबात नाही, जुन्या लिखाणात तो भरपूर सापडतो. पण त्यात 'बोध' आहे, म्हणजे कुणीतरी शहाणा माणूस प्रेक्षकाला चार गोष्टी शिकवतोय, आणि त्या काळच्या बऱ्याच फिल्म तशाच होत्या, वरून एक भारदस्त आवाज सगळं समजावून सांगणार. तुमच्या दोन्ही फिल्म नेमक्या त्याच्या उलट आहेत. 'युगांतर' या स्त्रीवादी फिल्म कलेक्टिव्हने, म्हणजे एकत्र मिळून फिल्म करणाऱ्या गटाने, त्या केल्या, दिग्दर्शिका दीपा धनराज त्यातल्याच. एकीत पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायका संघटना बांधतायत, दुसरीत निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायका आपलं काम, मजुरी, मालक याबद्दल स्वतः बोलतायत, तिथे बोध करणारे आपण कोण! म्हणून मला तिथे अनुबोधपट खटकतो.

हिंदीतलं वृत्तचित्र उचलू नका, मराठीत वृत्त म्हणजे सरळ बातमी, आणि बातम्यांच्या रिळांना आपल्याकडे वार्तापट होताच की.

राहिला माहितीपट. शब्द थोडा कोरडा आहे हे मान्य, पण इंग्रजीतला डॉक्युमेंटरी तरी कुठे रसाळ आहे, तो कागदपत्रांतूनच आलाय. स्कॉटिश दिग्दर्शक जॉन ग्रिअर्सनने १९२६ साली एका सिनेमाबद्दल लिहिताना तो वापरला आणि १९२९ मध्ये त्याने स्वतः 'ड्रिफ्टर्स' केली ती समुद्रात मासेमारी करणाऱ्या कामगारांची. म्हणजे कष्टकरी माणूस या प्रकारात अगदी सुरुवातीपासून आहे. शब्द वापरून वापरून भरत जातो, माहितीपट आता सगळ्यांच्या तोंडी बसलाय आणि ऐकणाऱ्याला बरोब्बर कळतो, अजून काय पाहिजे.

मला खरं अडतंय ते 'बायकांवरच्या' या शब्दावर. व्याकरणात काही चूक नाही, सगळेच 'अमुक विषयावर फिल्म' म्हणतात, पण माणसांच्या बाबतीत 'वर' लावलं की ती माणसं नुसता विषय होऊन जातात. 'निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांचा माहितीपट' असं वाचून बघा, लगेच फरक जाणवेल. आणि 'पीडित', 'उपेक्षित', 'बिचाऱ्या' वगैरे विशेषणं प्लीज नको, या बायका संघटना करून मालकाशी भांडलेल्या आहेत.

मोलकरीण शब्दाचं म्हणाल तर फिल्मचं नाव आहे तसंच ठेवा, त्यात बदल करायचा आपल्याला हक्क नाही. पण खालच्या माहितीत घरकामगार किंवा घरेलू कामगार लिहा, महाराष्ट्राच्या २००८ च्या कल्याण मंडळाच्या कायद्यातही 'घरेलू कामगार' हेच आहे. मला स्वतःला घरकामगार जास्त आवडतो, बोलायला सोपा आणि काम करणारीला कामगार म्हणणारा.