आधी शाई, मग सायन्स

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, सात वर्षं तबला शिकतोय. आता तबला बंद कर म्हणून घरात रोज वाद. त्याचे बाबा म्हणतात, सायन्सने कलेला माइक दिला, रेकॉर्डिंग दिलं, इलेक्ट्रॉनिक तानपुरा दिला, कलेने सायन्सला काय दिलं? मला काही सुचलंच नाही. – एक आई, सांगली

उत्तर : ताई, उत्तर तुमच्याच घरात चुंबळीवर बसलंय की!

बाबांना म्हणावं हलगीवर 'सा' लावून दाखवा. नाही लागणार. ताणलेल्या साध्या कातड्यातून एकदम बरेच सूर निघतात आणि त्यांचं एकमेकांशी जमत नाही, पहिल्या सुराची कंपनं १ धरली तर पुढच्यांची १.५९, २.१४, २.३० अशी आडनिडी, त्यामुळे कानाला नुसता आवाज येतो, सूर नाही. तारेचं तसं नसतं, तिथं १, २, ३, ४ असा सरळ हिशोब. आणि तबला मात्र कातड्याचा असून तारेसारखा सुरात बोलतो. हे कसं काय?

हा प्रश्न सी. व्ही. रामन यांना पडला. प्रकाशावरच्या कामाचं नोबेल १९३० चं, पण त्याच्या कितीतरी आधी कलकत्त्यात ते वाद्यांच्याच मागे लागले होते, सुरुवातीला तर सरकारी हिशेब खात्यातली नोकरी सांभाळून. १९२० मध्ये त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत तबला-मृदंगावर छोटासा लेख लिहिला. सगळी करामत शाईची, म्हणजे कातड्याच्या मधोमध असतो त्या काळ्या गोलाची! मधला भाग जड झाला की ते आडनिडे सूर सरकतात आणि १, २, ३, ४, ५ अशा ओळीत येऊन बसतात. पुढे रामननी पुडीवर, म्हणजे त्या ताणलेल्या कातड्यावर, बारीक वाळू टाकून ती थरथरताना कुठली रेघ स्थिर राहते तेही दाखवलं. तुमचा मुलगा 'ना' हा बोल वाजवताना अनामिका हलकेच टेकवतो ना, ते बोट अशाच एका स्थिर रेघेवर असतं, म्हणून खालचा सूर दबतो आणि वरचा खणखणीत येतो. हे त्याच्या गुरुजींच्या हाताला माहीत असतं, गणित येवो न येवो.

आणि ती शाई लावणारे कारागीर! लोखंडाची बारीक पूड, खळ, एकावर एक पातळ थर, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, वर बारीक तडे पडेपर्यंत. ते तडे मुद्दाम हां, नाहीतर शाई कडक होईल आणि पुडी हलणारच नाही. हे सगळं नुसत्या कानाने जमवलेलं, समीकरण नंतर आलं.

तानपुऱ्याचंही तसंच. तार जिथे छेडाल तो बिंदू ज्या सुरांत स्थिर राहतो, ते सूर ऐकू येता कामा नयेत, असा युरोपातल्या फिजिक्सचा नियम होता. तानपुऱ्यात ते येतात! रामननी १९२१ मध्ये हेच दाखवलं, कारण घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, रुंद, किंचित गोलसर माथा आणि त्यावर तारेखाली सरकवलेला दोरा. त्यातून तारेला येणारी ती झंकारती आस, म्हणजे आपली जवारी. माइकचं बाबांचं म्हणणं खरंच आहे, त्यावर वाद घालू नका.

क्लास सुरू ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, बारावीचं टेन्शन मला कळतं. पण एका रविवारी बापलेकांना मिरजेला पाठवा, बसने कितीसा वेळ लागतो. तिथे तानपुऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडी थोडीशी घासतो, तार छेडून ऐकतो, परत घासतो. बाबांना त्याच्या शेजारी बसवा, आणि फोन खिशात ठेवायला सांगा.