कॉइलचा कपॅसिटन्स मीटरला का सापडत नाही?

प्रश्न: छोटी टेस्ला कॉइल (खूप जास्त व्होल्टेज देणारा हवेतला ट्रान्सफॉर्मर) बनवतोय. सेकंडरीचा, म्हणजे जास्त वेढ्यांच्या उंच कॉइलचा, व्यास 11 सेंमी, वाइंडिंगची उंची 44 सेंमी, 1000 वेढे. इंडक्टन्स 24.3 मिलिहेन्री, तो हिशोबाशी जुळला. मेडहर्स्टच्या फॉर्म्युल्याने (कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स काढायचा फॉर्म्युला) कपॅसिटन्स 7.7 पीएफच्या (पिकोफॅरड) आसपास येतो, म्हणजे रेझोनन्स, कॉइल सगळ्यात जोरात प्रतिसाद देते ती फ्रिक्वेन्सी, 368 किलोहर्ट्झला हवा, पण स्कोपचा प्रोब वरच्या टोकाला लावला की पीक 230 ला दिसतो. दोन टोकांना एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स, रेझिस्टन्स मोजणारा) लावून कपॅसिटन्स मोजायला गेलो तर मीटर काहीच्या काही आकडे देतो. कुठे चुकतंय?

उत्तर: कॉइल ठीक आहे हो, तुमचा प्रोबच मध्ये तडमडतोय. 10 एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून) ठेवलेल्या साध्या प्रोबलाही स्वतःचे 10 ते 15 पीएफ असतात. 12 धरा, 7.7 मध्ये मिळवा, 19.7 झाले, आता परत फ्रिक्वेन्सी काढा, येते की नाही 230? म्हणजे तुम्ही जे मोजलंत त्यात कॉइलपेक्षा प्रोबच जास्त होता.

मीटरचंही तसंच. 1 किलोहर्ट्झला 7.7 पीएफची रिअॅक्टन्स 20 मेगाओहमच्या वर जाते आणि तिला पॅरलल तुमची कॉइल, जेमतेम 150 ओहमची, मग मीटरला त्यात कपॅसिटन्स दिसणार तरी कसा?

प्रोब खाली आणा. जनरेटरच्या आउटपुटला 1 किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला, तिथून सेकंडरीचं खालचं टोक, वरचं टोक मोकळं, आणि जनरेटरचा ग्राउंड खाली ठेवलेल्या मोठ्या पत्र्याला. प्रोब रेझिस्टर आणि कॉइल यांच्या जोडावर. रेझोनन्सला कॉइलचा इम्पीडन्स तिथे काहीशे ओहमपर्यंत पडतो, त्यामुळे व्होल्टेज एकदम खाली बसतं (हाच डिप), आणि एवढ्या कमी इम्पीडन्सच्या जागी प्रोबच्या 12 पीएफला कोण विचारतो. फ्रिक्वेन्सी हळूहळू फिरवा, घाई केलीत तर डिप निसटून जाईल. सापडला की हात वरच्या टोकाजवळ न्या, टेकवू नका, नुसता जवळ, डिप खाली सरकतो. मला अजूनही हे बघायला मजा येते, कारण आपला हातच कपॅसिटरची एक प्लेट झालेला असतो.

यावरून हेही कळतं की हा कपॅसिटन्स वेढ्या-वेढ्यांमधला नाहीच मुळी. शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये समजा 20 पीएफ असले तरी असे 999 सिरीजमध्ये, म्हणजे 0.02 पीएफ, सोडून द्या. खरा हिस्सा कॉइल आणि आजूबाजूची जमीन, भिंती, टेबल यांच्यातला.

प्रश्न: प्रायमरी आणि सेकंडरीमधला कपॅसिटन्स कसा मोजायचा, आणि सिम्युलेशनमध्ये तो एकच कपॅसिटर म्हणून टाकला तर चालेल का?

उत्तर: आधी सप्लाय तोडा आणि टँक कपॅसिटर (प्रायमरीच्या सर्किटमधला) शॉर्ट करा, मगच हात लावा. मग प्रत्येक वाइंडिंगची दोन्ही टोकं आपापसात जोडा आणि तीन मापं घ्या. प्रायमरी पत्र्याला जोडून सेकंडरी ते पत्रा, समजा 22 पीएफ. सेकंडरी पत्र्याला जोडून प्रायमरी ते पत्रा, 27. दोन्ही एकत्र जोडून ते पत्रा, 25. पहिल्या दोनांची बेरीज, त्यातून तिसरं वजा, आणि अर्धं करा: 12 पीएफ, हा दोन वाइंडिंगमधला. उरले सेकंडरी ते पत्रा 10 आणि प्रायमरी ते पत्रा 15. लीडचे पीएफ आधी मोकळ्या लीड मोजून वजा करायला विसरू नका, नाहीतर एवढ्याशा आकड्यांमध्ये सगळा घोळ होतो.

पण हे 12 जसेच्या तसे मॉडेलमध्ये घालू नका. मोजताना अख्खी सेकंडरी एकाच व्होल्टेजवर होती, चालू कॉइलमध्ये खाली शून्य आणि वर सगळं. कपॅसिटरमधली एनर्जी व्होल्टेजच्या वर्गावर जाते, म्हणून व्होल्टेज सरळ रेषेत चढतंय आणि कपॅसिटन्स उंचीभर सारखा पसरलाय असं धरलं तर वरच्या टोकाला त्यातला एक तृतीयांशच जाणवतो. सेकंडरीचे एकूण 22 होते, त्याचा तिसरा हिस्सा साधारण 7.3, तुमच्या आधीच्या प्रश्नातल्या मेडहर्स्टच्या आकड्याजवळच येतो बघा (त्याने 1947 मध्ये मापं घेऊन फॉर्म्युला बसवला होता). प्रायमरी तर खालच्या वेढ्यांजवळ, जिथे व्होल्टेज जवळपास नसतंच, तिथे असर अजून कमी.

म्हणून सेकंडरीचे 10 ते 20 तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला जमिनीकडे एक आणि प्रायमरीकडे एक कपॅसिटर द्या. आकडे एफईएमएमसारख्या (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं काढणाऱ्या) फुकट सॉफ्टवेअरमधून काढता येतात, कॉइल गोल असल्याने अर्धं काटछेद काढलं की भागतं. आणि तुकड्यांमधली म्युच्युअल इंडक्टन्स (एका तुकड्याचा दुसऱ्यावरचा चुंबकीय परिणाम) अजिबात वगळू नका, हे सगळेच विसरतात. ती नसेल तर तुकड्यांची बेरीज 24.3 मिलिहेन्रीच्या खूप खाली येते, रेझोनन्स वर पळतो, आणि मग माणूस कपॅसिटन्स वाढवून वाढवून आकडा जुळवत बसतो.