सातवीतला मुलगा हुशार आहे, पण रोज काहीतरी विसरतो आणि अभ्यास सुरूच करत नाही. त्याला शिस्त कशी लावावी?

तुमच्या प्रश्नातल्या ‘शिस्त’ या शब्दापाशीच मी अडले. आमच्या घरात याच शब्दावरून आठ वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहितेय.

माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. गणपतीला आम्ही सगळे मोठ्या दिरांकडे जमलो होतो. भाऊजी निवृत्त मुख्याध्यापक. आरतीच्या आधी त्यांनी याला सांगितलं, “काकूकडून वाती घे, फळीवरचा कापूर आण आणि येताना मागचं दार लाव.” मी स्वयंपाकघराच्या दारात होते, त्यामुळे तो मला दिसत होता. ‘वाती, कापूर, दार’ असं पुटपुटत निघाला. मधल्या खोलीत आत्याने हाक मारली, “अरे, तेवढा पाट सरकव रे.” याने पाट सरकवला आणि तिथेच उभा राहिला. चेहरा कोरा. शेवटी रिकाम्या हातांनी बाहेर आला. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, “लक्षच नसतं कार्ट्याचं. आईने लाडावून ठेवलंय.” सगळे हसले. दरवर्षी झांजेसाठी भांडणारा माझा मुलगा त्या आरतीला मागे भिंतीला टेकून उभा होता.

त्याचं लक्ष होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हातातलं काम मनात धरून ठेवण्याची जागाच त्याच्याकडे लहान होती, एक पाट आत आला आणि बाकी सगळं सांडलं.

त्याच वर्षी विज्ञानाची वही पूर्ण करून, आकृत्या काढून तयार होती, आणि शाळेत शून्य मिळालं, कारण वही स्कूटरच्या डिकीत राहिली होती. भाऊजींचं म्हणणं, “विसरू दे, शिक्षा होऊ दे, मग बरोबर आठवेल.” दोन महिने मी तेही करून पाहिलं. त्याला शिक्षा आठवायची, वही नाही.

पुढे समुपदेशक बाईंनी नाव सांगितलं, एक्झिक्युटिव्ह फंक्शन. ठरवणं, सुरू करणं, लक्षात धरणं, वेळेचा अंदाज घेणं. मेंदूचा जो पुढचा भाग हे सांभाळतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. एडीएचडीवर, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं त्या अवस्थेवर, आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली तर सांगतात की एडीएचडी असलेल्या मुलांचं स्वतःला सांभाळण्याचं वय ढोबळमानाने 30 टक्के मागे धरा. म्हणजे बाराचा मुलगा या बाबतीत साडेआठचा. साडेआठ वर्षांच्या मुलाचं दप्तर आपण बघतोच ना?

मग मी बाहेरच्या दारावर, चपला घालताना नजर जाईल अशा उंचीवर पाटी लावली: डबा, वह्या, चष्मा, किल्ली. ‘अभ्यासाला बस’ म्हणणं बंद केलं. शेजारी बसून तारीख आणि पहिलं गणित लिहून होईपर्यंत थांबायचे, मग उठायचे. सूचना एका वेळी एकच. पण सर्वांत जास्त उपयोग झाला तो वर्गशिक्षिकेचा. शेवटची घंटा व्हायच्या आधी त्या त्याची डायरी बघायच्या, दोन मिनिटं, ओरडा नाही. तुम्ही शाळेत जाऊन काही मागणार असाल तर हेच मागा.

भाऊजी याला कुबडी म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांना सात वारांचे सात खण आहेत आणि चष्मा गळ्यात दोरीला आहे, आणि ते योग्यच आहे. मग बारा वर्षांच्या मुलाच्या पाटीनेच तो पांगळा कसा होईल? मी हे त्यांना तोंडावर विचारलंय. उत्तर मिळालेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक विसराळू मूल असं नसतं. झोप पुरते का, फळ्यावरचं नीट दिसतं का, वर्गात कोणी त्रास देतं का, हे आधी बघा. वाचन-लेखनातही अडचण असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, मुंबईत सायन रुग्णालयात होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. नुसत्या विसरण्यावर मात्र तो मिळत नाही.

मुलगा आता डिप्लोमाला आहे, वसतिगृहात राहतो. पाटी त्याने स्वतःच मागून नेली. मागच्या गणपतीला भाऊजींनी पुन्हा तीन कामं एका दमात सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “काका, थांबा, लिहून घेतो.”