गल्लीवरून रेघ गेली तर

प्रश्न : आमची कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली गल्ली अरुंद आहे. नव्या विकास आराखड्यात रस्ता रुंद होणार, तालमीचा कट्टा आणि सहा घरांचे सोपे (ओसऱ्या) जाणार, अशी चर्चा आहे. सगळ्यांच्या सह्यांचे एक निवेदन दिले तर भागेल का?

उत्तर : निवेदन जरूर द्या, पण ती हरकत नव्हे. प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते. नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे त्यानंतर ३० दिवसांत लेखी हरकत नोंदवायची असते. नुसत्या चर्चेवर हरकत घेता येत नाही, तयारी मात्र आजच करता येते.

आधी सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि नकाशा काढा. सिटी सर्व्हे (सि.स.) नंबरासोबत वॉर्ड लिहायचाच. ‘ए वॉर्ड’ राहिला की कागद भलत्याच पेठेत फिरत बसतो. पत्रिकेवर अजून आजोबांचे नाव असेल तर वारसनोंद घालून घ्या. हरकत कोणीही घेऊ शकतो, मोबदल्याच्या वेळी मात्र नाव लागते.

मग टेप घेऊन गल्ली मोजा : तोंडाशी, तालमीपाशी आणि शेवटाला. प्रत्येक ठिकाणी दोन मापे घ्या, एक भिंतीपासून भिंतीपर्यंत, दुसरे पायऱ्या आणि गटार सोडून. आराखड्याच्या १:५००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. रस्त्याच्या रेघेच्या जाडीतच एखाद्याचा सोपा मावतो! म्हणून ‘रस्ता नको’ एवढे लिहून थांबू नका. कोणत्या बाजूची किती जागा जाते, ते सि.स. नंबरवार जागेवर आखून दाखवा, अशी मागणी करा.

हरकत घरटी स्वतंत्र द्या आणि तिच्यात पर्याय सुचवा : रुंदी किती पुरेल, वाहतूक एकेरी करता येईल का. अग्निशमनाची गाडी कुठून येणार याचे उत्तर नसेल तर सुनावणीत बाजू लंगडी पडते. तालमीची हरकत मंडळाच्या नावाने, ठरावाच्या प्रतीसह द्या. न्यास नोंदलेला असेल तर परिशिष्ट एकचा (न्यासाच्या नोंदणीचा) उताराही जोडा. पैलवान सहीला हौसेने येतील, पण सही विश्वस्तांची लागते. प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. नियोजन समितीच्या सुनावणीला मूळ कागद बरोबर ठेवा.

रेघ पडली म्हणून उद्या जेसीबी येत नाही. बहुतेक वेळा नव्या बांधकामाचा परवाना मागाल तेव्हा ती जागा सोडावी लागते. तिचा मोबदला रोख, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच जागेवर जादा बांधकाम) या रूपात मागता येतो. फुकट लिहून देऊ नका.

प्रश्न : वाड्याच्या परड्यावर विकास आराखड्यातले जुने आरक्षण आहे. दहा वर्षे उलटली, तरी महापालिका जागा घेत नाही आणि आम्हाला बांधूही देत नाही. काय करावे?

उत्तर : अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षे झाली असतील तर त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना (जागा घ्या, नाहीतर मोकळी करा, अशी मालकाची नोटीस) बजावा. ती पोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. सूचना फसते ती दोन कारणांनी : मालकीची कागदपत्रे जोडलेली नसतात, किंवा पत्रिकेवर चार भाऊ असून सही एकाचीच असते. पोचपावती जपून ठेवा, मुदत तिच्यावरच्या तारखेपासून मोजतात. व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात येईपर्यंत भाग नकाशावर (आराखड्यातल्या तुमच्या जागेपुरत्या नकाशावर) आरक्षण दिसतच राहते. तिचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.